चौथा खण

जगात दोन तऱ्हेची माणसं असतात. काम झालं की कागद फाडणारी, आणि काम झालं तरी कागद ठेवणारी. फाडणारी माणसं सुखी असतात असं मी ऐकून आहे. मी दुसऱ्या तऱ्हेचा. आमच्या घरात १९८४ साली स्टोव्ह दुरुस्त केल्याची पावती आहे. तो स्टोव्ह आता नाही, दुरुस्त करणारे गृहस्थ नाहीत, त्यांच्या दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आलं आहे; पण पावती आहे. उद्या कोणी विचारलंच तर दाखवता येईल.

"कोण विचारणार?" असं आमची सौ. गेली चाळीस वर्षं विचारते आहे.

याचा दोष माझ्या नोकरीकडे जातो. चौतीस वर्षं मी एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड विभागात काढली. त्या विभागाचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं होतं: फायलीत नाही म्हणजे नाही. समोरचा माणूस काकुळतीला येऊन सांगायचा, "साहेब, अर्ज मी स्वतः दिलाय. ह्याच टेबलावर. तुम्ही तेव्हा चहा पीत होता." मी फाईल उघडायचो, पानं उलटायचो, फाईल मिटायचो आणि म्हणायचो, "फायलीत नाही." माणूस परत जायचा. चहा मी खरोखरच पीत असेन; पण चहाची नोंद फायलीत कुठे असते?

त्यातून मी नाशिकचा. ज्या गावात देशाच्या नोटा छापतात, पासपोर्ट छापतात, मुद्रांक छापतात, त्या गावच्या माणसानं कागदावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणी ठेवायचा?

तर १९९८ साली आमच्या कचेरीत जुन्या सामानाचा लिलाव निघाला, आणि त्यात चार खणांचं एक लोखंडी फायलिंग कॅबिनेट निघालं. हिरवट करडा रंग, एका कोपऱ्यात पोचा, आणि कुलपाला किल्ली नाही. इतर मंडळी पंखे आणि खुर्च्या धरून बसली होती. कॅबिनेटला बोली एकट्या माझी. टेम्पोत घालून ते इंदिरानगरला आमच्या रो-हाऊसपाशी आणलं, तेव्हा सौ. दारात उभी होती. तिला वाटलं फ्रीज आला.

"ह्यात काय ठेवायचं?" तिनं विचारलं.

"आपलं आयुष्य," मी म्हणालो. मला वाटतं, हे वाक्य मी तिच्या अपेक्षेपेक्षा जास्त गंभीरपणे म्हणालो.

पूर्वी आपल्याकडे कागद फडक्यात बांधत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आहेत. रियासतकार सरदेसायांनी त्यातून वेचून १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड छापले तेव्हा लोकांना कळलं, की पेशव्यांनी कागद फाडले नव्हते. म्हणजे ते माझ्या पंथातले. आणि पुण्यालाच कशाला जा? आमच्या रामकुंडावर तीर्थोपाध्यायांच्या घरी नामावळीच्या वह्या आहेत. तुम्ही गाव आणि आडनाव सांगायचं. गुरुजी वही काढतात आणि तुमच्या पणजोबांची सही तुमच्यापुढे धरतात. ना कुलूप, ना कॅबिनेट. तिथे आमच्या वडलांची सही आहे, खाली माझ्या थोरल्या भावाची आहे, त्याखाली माझी. दादाची सही मोठी आणि वळणदार, माझी बारीक आणि तिरकी. ह्या सह्यांचा पुढे संबंध येणार आहे.

कागद उभे ठेवायची पद्धत मात्र अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ती रुळली. उभा कागद चटकन सापडतो हा तिचा गुण, आणि जागा उरली आहे असं नेहमी वाटत राहतं हा दोष. आडवा गठ्ठा उंच झाला की डोळ्यांवर येतो. उभ्या फायलींत मात्र एक बोट सारलं की आणखी एक फाईल मावते. एकदा मी हिशोब केला. साध्या ए-फोर कागदाच्या पाचशे पानांचं रीम भरतं दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅम. दोन फूट लांबीच्या खणात अशी बारा रिमं सहज उभी राहतात. म्हणजे खणाला अठ्ठावीस किलो आणि चार खणांना एकशे बारा. माझं स्वतःचं वजन एकसष्ट. घरातल्या माझ्यापेक्षा माझे कागद जवळजवळ दुप्पट वजनदार होते, हे घरातल्यांना हिशोबाशिवायच कळलं होतं.

पहिल्या खणात घर, दुसऱ्यात नोकरी आणि पेन्शन, तिसऱ्यात घरगुती देणीघेणी, चौथ्यात संकीर्ण. संकीर्ण म्हणजे जे कुठे घालावं कळत नाही आणि टाकवतही नाही ते. तिसरा खण सर्वांत आधी भरला आणि भरल्यावरही मी भरतच राहिलो. चौथ्या खणाला एक खोड लागली. तो पुरता मिटायचा नाही. करंगळीएवढा बाहेर राहायचा. मी त्याला पायानं ढकलायचो, तो तेवढ्यापुरता आत जायचा आणि पाठ वळली की परत करंगळीभर बाहेर. माणसाच्या घरात एखादं दार कुरकुरतं, एखादा नळ ठिबकतो. तसा आमचा चौथा खण. सवय झाली.

आता २०२५ च्या नोव्हेंबरची गोष्ट.

नोव्हेंबर हा पेन्शनरांच्या दृष्टीनं मोठा तात्त्विक महिना आहे. या महिन्यात आपण जिवंत आहोत हे आपल्याला सिद्ध करावं लागतं. एरवी अकरा महिने आपण नुसते जगतो. नोव्हेंबरात त्याचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून बोटाच्या ठशावर जिवंत ठरण्याचीही सोय झाली आहे, पण तिथेसुद्धा पेन्शनच्या आदेशाचा नंबर विचारतात. तो नंबर माझ्या दुसऱ्या खणात. मी दुसरा खण ओढला. तो हलला नाही. पहिला ओढला, तिसरा ओढला. ढिम्म. चौथ्याच्या वाटेला मी गेलोच नाही. तो मुळातच बिघडलेला. त्याला काय विचारायचं?

म्हणजे मी जिवंत आहे याचा पुरावा लोखंडाच्या पोटात, आणि मी बाहेर.

अशा वेळी घरातले आणि शेजारचे लोक कसे धावून येतात, हे मध्यमवर्गीय वाचकांना सांगायला नको. सौ. म्हणाली, तेल सोडा. खोबरेल तेल हाताशी होतं, ते मी चारही खणांच्या फटींतून उदार हस्ते सोडलं. दुपारी पहिला खण किंचित हलल्यासारखा वाटला. पण खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांच्या खाली गोठतं, आणि नोव्हेंबरातल्या नाशिकच्या पहाटेला हे ठाऊक असतं. सकाळी पाहिलं तर फटींत तूप थिजावं तसं पांढरं तेल थिजलेलं. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, हलवून बघा." एकशे बारा किलो कागद आणि वर लोखंड, मी हलवून पाहिलं, कंबर हलली. समोरचे एक निवृत्त इंजिनियर आले. त्यांनी पट्टीनं मोजमाप घेतलं, जमीन समतल नाही असा निष्कर्ष काढला, पायाखाली पुठ्ठा घातला आणि चहा घेऊन गेले. जॉगिंग ट्रॅकवरच्या आमच्या मंडळात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. एकानं कळकळीनं सांगितलं, "जोर कमी पडतोय हो तुमचा." जोर लावला. दुसऱ्या खणाचं हँडल हातात आलं.

शेवटी रथचक्र चौकापलीकडच्या एका हार्डवेअरवाल्यानं अंबडच्या एका कारागिराचा नंबर दिला. तो आला. वय तिशीच्या आतलं, हातात एक छोटी पेटी. त्यानं कॅबिनेटकडे समोरून पाहिलं, मग बाजूनं पाहिलं, मग चक्क जमिनीवर बसला आणि चौथ्या खणाकडे पाहत राहिला.

"काका, हा कधीपासून बाहेर हाये?"

"तो ना? तो तसाच आहे. त्याचं सोडा. वरचे तीन उघडत नाहीत."

"वरच्या तिघांची काही चूक नाही काका," तो म्हणाला. "हा खालचा मिटत नाही म्हणून ते उघडत नाहीत."

मग त्यानं मला जे समजावलं ते सत्तावीस वर्षं कॅबिनेटचा मालक असूनही मला ठाऊक नव्हतं. कॅबिनेटच्या आत बाजूला एक उभी पट्टी असते. एक खण उघडला की ती पट्टी सरकते आणि बाकीच्या खणांना अडवते. एका वेळी एकच खण उघडावा, अशी ती व्यवस्था. का? तर भरलेले दोन-तीन खण एकदम बाहेर आले की सगळा भार पुढे येतो आणि कॅबिनेट उघडणाऱ्याच्या अंगावर पडतं. आमचा चौथा खण करंगळीभर बाहेर होता तोवर पट्टीनं चालवून घेतलं. आता तो दोन बोटं बाहेर आला होता. पट्टीच्या लेखी तो उघडा होता. उघडा खण आधी मिटा, मग पुढचं बोला, असं ती बिचारी चार दिवस सांगत होती आणि आम्ही वरच्या निरपराध खणांना तेल पाजत होतो.

"मग याला आत ढकल," मी म्हणालो.

"ढकलून कसा जाईल? मागं काहीतरी बसलंय."

त्यानं चौथा खण पुढे ओढला, कारण चारांतला तेवढा एकच उघडू शकत होता. रेटा देत, थिजलेलं तेल खरवडत, खण पूर्ण बाहेर आला. त्यातले कागद आम्ही जमिनीवर काढून ठेवले. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर एक एक छोटी कळ असते. ती दाबली की खण रुळांवरून सुटतो. त्यानं ती दाबली आणि अख्खा खण उचलून बाजूला ठेवला. मग आत हात घातला, खांद्यापर्यंत.

पाठीमागे, तळाशी, कागदांचा एक चेंदामेंदा गोळा होता. तिसरा खण मी मागच्या पत्र्याच्या वरपर्यंत ठासून भरला होता. तो मिटताना मागच्या फायलींतले कागद एक एक करून पलीकडे निसटत, खाली पडत, आणि चौथा खण त्यांना भिंतीशी चिरडत राहिला. सत्तावीस वर्षं.

कारागिरानं रुळ फडक्यानं पुसले, खोबरेल तेलाचा शेवटचा कण काढला, त्यावर मेणबत्तीचा तुकडा फिरवला आणि सांगितलं, "तेल घालू नका काका. तेलाला धूळ चिकटते, आन् तेच मग अडकतं. आन् तिसरा खण थोडा हलका करा." त्यानं तीनशे रुपये घेतले. मी पावती मागितली. तो हसला.

तो गेल्यावर मी तो गोळा मांडीवर घेऊन बसलो. गॅसच्या नंबराच्या पावत्या. मुलाचं सातवीचं प्रगतिपुस्तक, जे त्यानंच हरवलं म्हणून त्यानं माझा मार खाल्ला होता. टेलिफोनचं बिल. आणि एक चार घड्यांचा कागद, कडेनं चुरगळलेला. त्यावर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट, आणि तिकिटावरून गेलेली एक बारीक, तिरकी सही.

माझी.

"रुपये वीस हजार फक्त रोख मिळाले. व्यवहार पूर्ण झाला." तारीख २००१ सालातली. देणार म्हणून माझ्या दादाचं नाव.

आता हे सांगितलंच पाहिजे. १९९७ साली दादानं सिन्नरच्या शेतात विहीर घेतली, तेव्हा मी त्याला प्रॉव्हिडंट फंडातून काढून वीस हजार दिले होते. २००८ च्या डिसेंबरात आमच्या मुलीचं लग्न निघालं. पैशाची ओढाताण होती. मी दादाला म्हटलं, ते वीस हजार आता दिलेस तर बरं होईल.

दादा म्हणाला, "अरे, ते मी दिले. तुझ्या घरी येऊन दिले. तू पावती केलीस."

मी घरी आलो. तिसरा खण उघडला. फाईल काढली. "दादा: विहीर" असं वर लिहिलेलं. १९९७ चा कागद होता, परतफेडीचा नव्हता. मी शेजारच्या फायलीही पाहिल्या. दोन रात्री पाहिल्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मी न शोधता बोललो असं कोणी म्हणू नये. मग मी दादाला फोन केला आणि चौतीस वर्षांच्या नोकरीतलं ते वाक्य म्हणालो. "दादा, फायलीत नाही."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग दादा म्हणाला, "बरं." आठ दिवसांनी त्यानं पुतण्याच्या हाती वीस हजार पाठवले.

लग्नाला दादा-वहिनी आले. आहेर केला, जेवले, गेले. त्यानंतर दिवाळीला कधी आले नाहीत. आम्हीही गेलो नाही. भांडण झालंच नाही. भांडण झालं असतं तर मिटवायला कोणी मध्ये पडलं असतं. २०१६ साली वहिनी गेल्या. आम्ही दहाव्याला गेलो, सगळ्यांबरोबर पानावर बसलो आणि शेवटच्या बसनं परत आलो.

पावती मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. सौ. चहा घेऊन आली, तिनं कागद वाचला, आणि एक अक्षर न बोलता चहा ठेवून आत गेली. चाळीस वर्षांत ती माझ्या कागदांवर काही बोलली नाही असं पहिल्यांदाच झालं.

संध्याकाळी मी गुरुजींकडे गेलो. आमच्या गल्लीत एक निवृत्त संस्कृतचे शिक्षक राहतात. आम्ही त्यांना गुरुजी म्हणतो. मी त्यांना दादाचं नाव न घेता प्रश्न विचारला, "गुरुजी, एखादी वस्तू जिथे असायला हवी तिथे माणसानं नीट शोधली आणि ती दिसली नाही, तर ती नाही असं म्हणण्यात चूक काय?"

गुरुजी खूश झाले. त्यांना कित्येक वर्षांत कोणी असं काही विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "हा फार जुना वाद आहे. न्यायवाले ज्ञानाची चार प्रमाणं मानतात. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती सहा मानतात. त्यातलं सहावं म्हणजे अनुपलब्धी. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही हे कळतं."

मला बरं वाटलं. म्हणजे आमच्या रेकॉर्ड विभागाच्या मागे कुमारिल भट्ट उभे होते.

"पण," गुरुजी म्हणाले, आणि तत्त्वज्ञानात 'पण' आला की आपलं काही खरं नसतं, "अट आहे. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असं म्हणता येत नाही. त्यानं फक्त अंधार आहे एवढंच सिद्ध होतं."

मी गप्प बसलो. माझ्या डोळ्यांपुढे करंगळीभर बाहेर आलेला चौथा खण होता. मागे काहीतरी आहे, जे तुला समोरून दिसत नाही, एवढंच तो मला वर्षानुवर्षं सांगत होता. मी त्याला पायानं ढकलत होतो.

"आणि अनुपलब्धी जाऊ द्या," गुरुजी आता थांबायला तयार नव्हते, "ती न मानणारेसुद्धा एक प्रमाण मानतात. शब्द. आप्ताचं वाक्य. गंमत बघा, मराठीत आपण आप्त म्हणजे नातेवाईक म्हणतो. शास्त्रात आप्त म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावं असा माणूस. तुमच्या त्या प्रकरणात असा कोणी साक्षीला होता का?"

"होता," मी म्हणालो आणि उठलो.

रात्री झोप नव्हती. खरं सांगायचं तर एक विचार मनात येऊन गेला, आणि तो आला हे लपवण्यात अर्थ नाही. दादाच्या लेखी प्रकरण केव्हाच संपलं होतं. कागद कुणी पाहिला नव्हता. सौ. बोलणार नव्हती. तो कागद परत तळाशी टाकला असता आणि खण मिटला असता, तर तो आता छान मिटला असता. ज्यानं आयुष्यात एक कागद फाडला नाही, त्याला एक फाडायची संधी आली होती. या जन्मात मी सुखी माणसांच्या पंथाच्या इतका जवळ कधी गेलो नव्हतो.

न फाडण्याचं कारण मोठं नव्हतं. फाडला असता तर कागद गेला असता. मागे काहीतरी बसलेलं आहे हे गेलं नसतं.

मग कारकुनाचा स्वभाव जागा झाला आणि मी व्याज काढायला बसलो. वीस हजार, सतरा वर्षं, आठ टक्के चक्रवाढ. चौऱ्याहत्तर हजार होतात. सौ.ला आकडा दाखवला. ती म्हणाली, "आणि सतरा दिवाळ्यांचं किती होतं ते काढलंत का?"

त्याचं कोष्टक माझ्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बँकेतून पैसे काढले आणि दोघं सिन्नरला गेलो. तीस किलोमीटरचा रस्ता. आता इतका रुंद झाला आहे की अर्ध्या तासात पोहोचलो. एवढं जवळ आहे हे सतरा वर्षं लक्षात राहिलं नव्हतं. दादा ओट्यावर बसला होता. ऐंशी उलटली आहेत त्याची. मी पावती त्याच्या हातात दिली. त्यानं ती लांब धरली, जवळ धरली, मग चष्मा मागवला.

"सही तुझीच आहे," तो म्हणाला. "कुठे होती?"

"तिसऱ्या खणातून निसटून चौथ्याच्या मागे पडली होती."

"हां." त्यानं मान हलवली. चार शब्द तयार करून आणले होते मी, वाटेत पाठही केले होते. त्यातला एकही आला नाही. मी एवढंच विचारलं, "दादा, तू दिले होतेस. मग परत का दिलेस? भांडला का नाहीस?"

दादा म्हणाला, "भांडून काय करणार? तू शोधलंस म्हणालास. तू काही खोटं बोलणार नाहीस. म्हटलं, कागद गहाळ झाला असेल. त्याला तू तरी काय करशील?"

वाचकहो, चौतीस वर्षांत मी बरेच मेमो वाचले, एक-दोन खाल्लेही. असा नाही खाल्ला. पावतीचा कागद नव्हता म्हणून मी दादाचा शब्द खोटा ठरवला. त्याच्याकडेही कागद नव्हता; त्यानं माझा शब्द खरा धरला. एकच कागद हरवला होता, आणि आम्ही दोघांनी त्याचे दोन अर्थ लावले होते.

पैसे कुठून उभे केले होतेस, असंही मी विचारलं. दादा म्हणाला, "ते जाऊ दे." मी भिंतीवरच्या वहिनींच्या फोटोकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. काही खण असे असतात की ते उघडायचा अधिकार आपला नसतो.

पाकिटातले वीस हजार दादानं मोजून घेतले. "हे माझे आहेत," तो म्हणाला. व्याजाचं पाकीट मात्र त्यानं सौ.कडे सरकवलं. "ह्याला सांग, मी सावकार नाही." मग पावतीची घडी घालून माझ्या हातात दिली. "हे तूच ठेव. माझ्याकडे हरवेल."

२००१ सालीही तो नेमकं हेच म्हणाला होता. म्हणून तर दादाची पावती माझ्या खणात होती.

परत येताना मला दादा दिसत नव्हता. माझ्या टेबलासमोर उभी राहिलेली माणसं दिसत होती. पेन्शनसाठी आलेली, वारसाच्या नोंदीसाठी आलेली, जन्मतारखेच्या एका आकड्यासाठी चार चार वेळा आलेली. "साहेब, मी स्वतः दिलाय." त्यातले काही खोटं बोलत असतील. पण सगळे? त्या कचेरीत आमच्या विभागात चाळीस कॅबिनेटं होती, सगळी ठासून भरलेली, आणि त्यातले कितीतरी खण नीट मिटत नसत. एकाही माणसाला "थांबा, खण काढून मागे बघतो" असं मी म्हटलं नाही. एक खण काढून परत बसवायला, तो अंबडचा पोरगा, दहा मिनिटं घेतो. ती माणसं आता कुठे शोधू? त्यांची नावं फायलीत नाहीत.

कागद ठेवू नयेत असं माझं अजूनही म्हणणं नाही. पावती सापडली ती ठेवली होती म्हणूनच. माझी तक्रार आहे ती आमच्या त्या एका वाक्याबद्दल. "फायलीत नाही" हे खरं असतं. "म्हणजे नाही" हे आपण आपल्या पदरचं घालतो, आणि आपल्या पदरचं घातलेलं तेवढंच समोरच्याला लागतं. मी आता पहिला अर्धा भाग ठेवला आहे. "फायलीत नाही" म्हणतो आणि थांबतो. उरलेलं वाक्य समोरच्याला म्हणू देतो.

तिसरा खण मी हलका केला. चार पोती रद्दी निघाली. स्टोव्हची पावती ठेवली. एकदम इतका बदल प्रकृतीला मानवणार नाही. मुलाला फोन करून प्रगतिपुस्तकाबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, "कुठलं प्रगतिपुस्तक?" मार खाल्लेला माणूस विसरतो आणि मारणाऱ्याकडे कागद राहतो, असंही होतं तर! हयातीचा दाखला वेळेत गेला. मी जिवंत आहे.

यंदाच्या संक्रांतीला दादा आला. पुतण्यानं मोटारीतून आणलं. तिळगूळ झाला, जेवणं झाली, आणि मग तो म्हणाला, "बघू ते तुझं कपाट." मी दाखवलं. तो वाकला, गुडघ्यावर हात टेकून सावकाश, आणि चौथ्या खणाला एक बोट लावलं. खण सरसर बाहेर आला. मग त्याच बोटानं त्यानं तो आत ढकलला. खण मिटला.

"चांगला चालतोय की," दादा म्हणाला.

"मेण लावलंय," मी म्हणालो.